बिनगळाचा बेडूक

निपाणीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला दारातच अटी सांगितल्या. घरात मांस-मच्छी शिजवायची नाही, बाहेरून आणून खायची नाही, अंड्याचा वाससुद्धा जिन्यावर येता कामा नये. मी शहाण्यासारखी मान डोलवत होतो आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होतो. मागच्या भिंतीवर तीर्थंकरांचा फोटो होता, आणि त्या फोटोच्या खाली, कोपऱ्यात, मासे धरायची काठी उभी होती. चांगली सात फुटी, रीळ लावलेली, रिळावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, नीट गुंडाळलेला. माणूस एकतर चक्रम असणार नाहीतर पक्का लबाड, असं मला वाटलं.

"ती काठी कुणाची?" मी विचारलंच.

"माझी हाय," ते म्हणाले. "तुमच्या अटीत ती येत न्हाय."

मी मूळचा बेळगावचा. इथल्या एका पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवायला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि रोज एसटीने ये-जा करून कंबर मोडली होती. त्यामुळे अटी मान्य केल्या आणि वरच्या खोलीत राहायला आलो. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, मीही म्हणायला लागलो. त्यांच्या बायको आक्का. एकच मुलगी, सांगलीला दिलेली. घरात दोघं नवरा-बायको एकमेकांशी कानडीत बोलायचे आणि माझ्याशी मराठीत, आणि माझ्याबद्दल बोलायचं असलं की परत कानडीत. मला कानडी येत नाही असा त्यांचा पहिले सहा महिने समज होता. मी तो मोडला नाही. माझ्याविषयी वाईट असं काही ते बोललेच नाहीत, म्हणून शेवटी कंटाळून मीच एक दिवस कानडीत उत्तर दिलं. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

अण्णांचं घराणं तंबाखूच्या वखारीचं. भाऊबंद सगळे व्यापारात आणि शेतीत. हे एकटे बोर्ड रंगवायचे. वर कानडी, खाली मराठी, कोपऱ्यात आपली बारीक सही. निपाणी-चिकोडी पट्ट्यातली निम्मी दुकानं एकेकाळी त्यांच्या अक्षरात होती. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. याचं त्यांना दुःख झालं असणार, पण बोलून कधी दाखवलं नाही. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच शब्द ठरलेला होता, "इरली". कानडीतलं असू दे. भाजीत मीठ पडलं नाही, इरली. नळाला चार दिवस पाणी नाही, इरली. पुतण्याने भर बाजारात ओळख दाखवली नाही, इरली. मला सुरुवातीला या शब्दाचा राग यायचा. माणसाने कधीतरी चिडावं की.

पुतण्या ओळख का दाखवत नव्हता, त्याचं कारण ती काठी. जैनाच्या घरात जन्मलेला माणूस, रोज मंदिरात जाणारा, सूर्य बुडायच्या आत जेवणारा, कांदा-बटाटा न खाणारा, प्यायचं पाणी तिहेरी फडक्यातून गाळून घेणारा, आणि दर रविवारी सकाळी काठी घेऊन तळ्यावर. लोकांनी काय समजायचं? समाजात कुजबुज होती. आक्कांना मंदिरात बायका टोमणे मारायच्या. आक्का घरी येऊन भांडी जरा जोरात घासायच्या, बास.

मला खरं काय ते पहिल्याच महिन्यात कळलं. एका रविवारी अण्णा जिन्याखालून हाक मारून म्हणाले, मास्तर, येताय का? मी गेलो. गावापासून दोन-अडीच मैलांवर एक जुनं तळं आहे, अर्धं कमळाच्या पानांनी भरलेलं, एका बाजूला पडक्या पंपघराचा दगडी खांब पाण्यात उभा. काठापासून पन्नास पावलं अलीकडेच अण्णांनी चपला काढल्या आणि मलाही काढायला लावल्या. मरळीला पावलं ऐकू येतात म्हणे. मरळ म्हणजे आमच्याकडचा नंबरी शिकारी मासा. लांबुळका, डोकं सापासारखं, तोंडात दात. पानांच्या सावलीत ओंडक्यासारखा पडून राहतो आणि वरून बेडूक, उंदीर, बदकाचं पिल्लू काहीही गेलं की उसळतो. इकडं सगळे 'ती मरळ' म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो.

अण्णांनी पिशवीतून बिस्किटांचा एक गंजका डबा काढला. आत बेडूक. लाकडाचे, आठ-दहा. पांगाऱ्याचं लाकूड हलकं म्हणून ते वापरायचं, बुडाशी शिशाचा थेंब ओतायचा म्हणजे बेडूक पालथा होत नाही, सायकलच्या ट्यूबचे पाय, नाकात तारेचा आकडा दोरा बांधायला. डोळे आक्कांच्या नेलपॉलिशचे. एकेक बेडूक बघून घ्यावा असा. पण रंगाची मेहनत सगळी पोटावर. पाठीवर नुसता हिरवा हात मारलेला आणि पोट मात्र पिवळसर पांढरं, त्यावर बारीक बारीक ठिपके.

"पाठ गिऱ्हाइकासाठी असती, मास्तर," ते म्हणाले. "मासा खालनं बगतोय. त्याला पोटच दिसतंय."

मी बेडूक उलटा-पालटा केला. बाकी सगळं होतं, गळ नव्हता. बसवायची जागासुद्धा नव्हती. मी म्हटलं, अण्णा, गळ विसरलाय तुम्ही. ते म्हणाले, न्हाय, विसरलो न्हाय, नसतोयच. मग मासा कसा धरायचा? धरायचाच नाही, म्हणाले. बोलवायचा.

आणि मग त्यांनी बोलावून दाखवली. बेडूक पाण्यात टाकायचा नाही, पलीकडच्या पानावर टाकायचा. पानावर तो पडला की मनात वीस आकडे मोजायचे. मग अगदी हळू ओढून पानावरून पाण्यात टप्प करून सोडायचा. दोन हिसके, आणि थांबायचं. लोक ओढत राहतात, तिथं चुकतात. पळणारा बेडूक मरळ सोडते, थांबलेला उचलते. अण्णा थांबले. मी श्वास धरून उभा. आणि धप्प! पाणी फुटलं, बेडूक गायब, कमळाची पानं हलली. माझ्या तोंडातून शिवीच गेली. दोन क्षणांनी लाकडी बेडूक एकटाच वर आला. मरळीने थुंकून टाकला होता. अण्णांनी तो ओढून घेतला, फडक्याने पुसला, पोटावर उठलेल्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ही ल्हान हाय, नवी हाय.

एवढाच त्यांचा उद्योग. चाळीस वर्षांचा.

यामागची गोष्ट त्यांनी एकदा बेडूक रंगवता रंगवता सांगितली, तीही निम्मी. तरणेपणी ते वेदगंगेच्या काठी एका दोस्ताबरोबर चोरून मासे मारायला जायचे. तेव्हा खरा गळ, गळाला जिवंत बेडूक. पावसाळ्याच्या तोंडाला मरळ पिल्लं घालते. शेकडो पिल्लं, तांबडीलाल, पाण्यावर एकाच ठिकाणी घोळक्याने खदखदत असतात, आणि खाली आईबाप राखण करतात. त्या दिवसांत मरळ भुकेने उसळत नाही. पिल्लांवरून काहीही गेलं की उसळते, कारण तिला ते हाकलायचं असतं. म्हणजे धरायला सगळ्यात सोपी. अण्णांनी तशीच एक धरली. मोठी होती, दोस्त खूश झाला. अण्णा मात्र उगाच तिथंच बसून राहिले. पाव तासात बाकीच्या माशांनी तो तांबडा घोळका संपवला.

"पाणी मोकळं झालं," अण्णा म्हणाले. "रिकामं न्हाय, मोकळं. लई वंगाळ दिसतंय ते."

दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन त्यांनी मुनींपुढे नेम घेतला, माझ्या दोऱ्याला गळ लागणार नाही. मुनी म्हणाले, मासेमारीच सोड. अण्णा म्हणाले, मारणं सोडतो महाराज, जाणं सुटायचं न्हाय. त्यांना ती धप्प सुटत नव्हती. माशाला आपण फसवतो, उगाच उसळायला लावतो, त्यालाही पाप लागतंच, हे त्यांना मान्य होतं. म्हणून दरवर्षी पर्युषण संपल्यावर क्षमेचा दिवस यायचा, त्या दिवशी घरोघरी हात जोडून झालं की अण्णा तळ्यावर जाऊन पाण्यालाही हात जोडायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय. वर्षाचा हिशेब मासोळ्यांशीही मिटवून यायचे. पिल्लावरच्या मरळीच्या आसपास मात्र ते बिनगळाचा बेडूकसुद्धा टाकत नसत.

गावाने त्यांना नाव पाडलं होतं, बिनगळे अण्णा. परतताना चहाच्या टपरीवर कुणीतरी हटकायचंच, अण्णा, आज किती किलो? अण्णा सांगायचे, सहा आल्या, सहा गेल्या. लोक हसायचे. मला आधी मजा वाटायची. पुढे मी त्यांच्याबरोबर दोन पावसाळे काढले, बेडूक पानावर टाकायला शिकलो, मग मला लोकांचा राग यायला लागला. एकदा एकजण म्हणाला, त्या तळ्यात मरळ हायच कुठं, म्हातारा पाण्यावर लाकूड वडत बसतोय. मी उठून भांडायलाच लागलो. अण्णांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, इरली.

पंपघराच्या खांबाखाली एक मोठी मरळ राहायची. अण्णा तिला नुसतं 'खांबाखालची' म्हणायचे, जसं शेजारीण असावी. तिला ते सहा वर्षं बोलावत होते आणि तिने सहा वर्षांत एकदाही बेडकाला तोंड लावलं नव्हतं. दिसायची फक्त श्वास घ्यायला वर आली की. मरळीचं असं आहे, तिला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही, थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते. पाण्यावर एक वर्तुळ उठतं, एक बुडबुडा, की समजायचं. मी अधीर व्हायचो. अण्णा, आज काही येत नाही ती. अण्णा म्हणायचे, "यील की. श्वास घ्याला यावंच लागतंय. वडायचं न्हाय, बसायचं."

तिसऱ्या वर्षी अण्णांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेल्यातच जमा झाले. ऑपरेशन पावसाळ्यानंतर ठरलं होतं. दोरा ओवता येईना, गाठ दिसेना, म्हणून बेडूक मी बांधायचो आणि काठी तयार करून त्यांच्या हातात द्यायचो. ते म्हणायचे, पुढल्या वर्षी दिसतंय न दिसतंय. चातुर्मास लागला की चार महिने काठी ते घडवंचीवर ठेवून द्यायचे, त्यामुळे आषाढात आलेला तो रविवार त्या वर्षीचा शेवटचा होता.

आता जे सांगायचं ते सांगतो.

त्या रविवारी मी त्यांच्या आवडत्या बेडकाला गळ लावला.

आदल्या दिवशीच खोलीत बसून लावला. दुहेरी गळ, कुरिअरने मागवलेला, पोटाला बारीक तारेचे दोन वेढे देऊन घट्ट बांधला. का? स्वतःला सांगायला माझ्याकडे चांगलं कारण होतं. म्हाताऱ्याला आयुष्यात एकदा तरी मोठा मासा हाताला लागू दे, नजर जायच्या आत. फोटो काढू, गळ सोडवू, मासा पाण्यात सोडून देऊ, कुणाचं काय गेलं? हे कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं असं, की टपरीवरच्या त्या माणसाच्या तोंडावर मला फोटो फेकायचा होता. फिजिक्सचा मास्तर मी. मला पुरावा पाहिजे होता. आणि त्याहून खरं म्हणजे मलाच ती मरळ बघायची होती. अण्णांचा चाळीस वर्षांचा नेम माझ्या हातात होता आणि तो मोडताना मला फक्त गंमत वाटत होती.

खांबापाशी गेलो. अण्णांनी विचारलं, मास्तर, पिल्लं न्हाईत न्हवं कुठं? त्यांना दिसत नव्हतं. मी डाव्या हाताला बघितलं, नाही म्हणालो. उजव्या हाताला, खांबाच्या सावलीत, बघितलंच नाही. माझं एक लक्ष मोबाईलवर होतं. अण्णांनी अंदाजाने बेडूक टाकला. वीस मोजले. पानावरून उतरवला, दोन हिसके, थांबले. आणि धप्प झालं तसं आजवर कधी झालं नव्हतं. काठी वाकली. रीळ किंचाळलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी अण्णा हसले. लहान पोरासारखे तोंड उघडून हसले. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांना कळलं. दोरा ताठ कसा, बेडूक सुटत का नाही, हे कळायला दोन श्वास लागले असतील. चेहरा पांढरा पडला. काठी त्यांनी टाकली नाही. दोरा ढिला सोडला असता तर मासा गळ घेऊन खोल गेला असता, म्हणून घाईघाईने तिला काठाला आणायला लागले आणि मला म्हणाले, "पाण्यात उतरा. सोडवा तिला. सोडवा."

गळ घशाच्या आत कल्ल्यात रुतला होता. मला जमेना. अण्णा धोतरानिशी पाण्यात बसले, डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटांनी चाचपत त्यांनी गळ काढला. रक्त थांबत नव्हतं. तिला सरळ धरून पाण्यात पुढेमागे हलवत ते कितीतरी वेळ बसले. हातभर लांब, जड, खांबाखालचीच ती, त्यांच्या हातात हळूहळू आडवी झाली. तेवढ्यात ऊन सरकलं आणि खांबाच्या सावलीतलं पाणी मला दिसलं. तांबडं, खदखदणारं. पिल्लं होती. त्यांचा बाप आठवड्यापूर्वी कुणाच्यातरी जाळ्यात गेला होता, हे नंतर कळलं. ही एकटीच राखत होती. मी जे दिसलं ते सांगितलं. निदान तेवढं सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "गळ कुठनं आला, मास्तर?"

मी म्हणालो, "माझ्या पिशवीत एक होता अण्णा. चुकून अडकला असणार."

अण्णांच्या एका हातात अजून तो बेडूक होता. त्यांनी त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. आणि म्हणाले, "इरली."

मरळ त्यांनी काठावर हाताने उकरून पुरली. मग छत्री घेतली आणि परत कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, चला अण्णा. ते आले नाहीत. घोळक्याच्या बाजूला उभं राहून छत्रीने पाण्यावर थापट्या मारत राहिले. मासे फिरकू नयेत म्हणून. वरून खंड्या आला की छत्री उघडायची. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी परत. उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत. चातुर्मास लागला तरी गेले. चातुर्मासात काठी बंद असते, राखण बंद नसते, असं त्यांनी आक्कांना सांगितलं. आणि सूर्य बुडल्यावर घरी आलं की त्यांना अन्न चालायचं नाही. आक्का दुपारी डबा घेऊन जायच्या, त्यात जे पोटात जाईल तेच. सोळा दिवस हा माणूस रात्रीचा उपाशी राहिला. पिल्लं तांबडी होती ती काळसर झाली, बोटाएवढी झाली, फुटून पानांत गेली, मग थांबले. त्यांना ती दिसत नव्हतीच. काठावर बसून मी सांगायचो, आहेत अजून, तांबडी आहेत. कॉलेज सुटल्यावर रोज जायचो मी. एवढं मी केलं, आणि मनात धरून बसलो की बरंच केलं.

त्यानंतर अण्णांना खोकला लागला तो गेलाच नाही. तळ्यावर जाणं बंद झालं. संध्याकाळी, जेवण आटोपलं की ते जिन्याखाली खुर्ची टाकून बसायला लागले. पूर्वी कधी तिथं बसत नसत. मला वाटलं, दिसत नाही, बाहेर जाता येत नाही, करणार काय बिचारे. मी कॉलेजातून यायचो, ते पावलांच्या आवाजावरून ओळखून मान वर करायचे. मी दोन शब्द बोलायचो आणि वर जायचो. वर जाऊन मला जेवण जायचं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू, आज सांगू. रोज वाटायचं, त्यांनी चुकून झालं म्हणून मानलंय, आता सांगून त्यांना आणखी दुखवायचं कशाला. माणूस आपल्या भित्रेपणाला किती चांगले कपडे घालतो.

मग भाद्रपदातली पौर्णिमा सरली आणि क्षमेचा दिवस आला. सकाळी जिन्यावर आधाराची काठी टेकल्याचा आवाज आला. अण्णा दोन महिन्यांत जिना चढले नव्हते. एकेक पायरीवर खोकत, भिंत धरत वर आले, माझ्या दारात उभे राहिले आणि हात जोडले.

"उत्तम क्षमा, मास्तर. वर्षभरात माझ्या बोलण्यात, वागण्यात तुम्हाला काय दुखलं असंल, तर क्षमा करा."

मीही हात जोडले. या दिवशी सगळे बोलतात तेच बोललो. अण्णा, मी लहान, मी काय क्षमा करणार, मलाच करा.

यावर समोरच्याने मान हलवायची आणि पुढच्या घरी जायचं, अशी रीत. मी तीन वर्षं बघत होतो. या दिवशी कुणी कुणाला तपशील विचारत नाही. अण्णांनी विचारला.

"कशाबद्दल?" ते म्हणाले.

काही रागाने नाही. अगदी हळू. आणि हात जोडलेले तसेच ठेवून थांबले. त्यांची पांढुरकी बुबुळं माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होती. खाली आक्कांची कपबशांची खळखळसुद्धा थांबलेली होती. माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं.

"असंच," मी म्हणालो. "सगळ्याबद्दलच."

अण्णांनी हात सोडले. "इरली," म्हणाले, आणि वळून जिना उतरायला लागले. मी धरायला गेलो तर नको म्हणाले.

ऑपरेशन झालंच नाही. मार्गशीर्षात अण्णा गेले. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वयच झालं होतं. मला वयाचं काही सांगू नका. दहा दिवसांनी आक्का घराला कुलूप लावून लेकीकडे सांगलीला गेल्या. जाताना त्यांनी मला बिस्किटांचा तो डबा दिला. मी घेतला आणि बेळगावला घरी आणून माळ्यावर ठेवला. उघडला नाही. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली. मुलीने मागच्या वर्षी माळ्यावर काहीतरी शोधताना तो डबा काढला आणि बेडूक जमिनीवर मांडले. त्यात तो होता. पोटावरचे तारेचे वेढे कापलेले, जिथं तार रुतली होती तिथं कानशीने घासलेलं, आणि त्यावर पुन्हा ठिपके दिलेले. ठिपके वाकडेतिकडे होते, काही पोटाच्या बाहेर गेलेले. न दिसणाऱ्या डोळ्यांनी दिलेले.

तार. चुकून अडकलेल्या गळाला तार कुठनं येणार? पाण्यात बसून अण्णांनी अंगठा फिरवला होता, तेव्हाच त्यांना दोन्ही वेढे लागले असणार. हे कळायला फिजिक्सच्या मास्तरला इतकी वर्षं लागली.

त्यानंतरच्या क्षमेच्या दिवशी मी सांगलीला फोन लावला. आक्का आता थकल्यात, ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून नाव सांगावं लागलं. मग मी ओरडूनच सगळं सांगितलं. गळ मी लावला होता, मुद्दाम लावला होता, चुकून नाही. बायको स्वयंपाकघरातून बघत राहिली.

मग आक्का म्हणाल्या, "म्हाईत हुतं वो मास्तर. त्यांनी त्याच दिवशी सांगितलंतं मला."

मी म्हटलं, मग बोलले का नाहीत? मला हाकलून का दिलं नाही?

"मी बी तेच म्हणत हुते. जावा वर, इचारा त्याला सरळ. तर म्हणायचे, वडायचं न्हाय गं. यील आपल्या आपण. श्वास घ्याला यावंच लागतंय." आक्कांनी जरा दम घेतला. "म्हणून तर जिन्याखाली बसत हुते रोज. तुमची वाट बगत."

चातुर्मासातले ते दीड-दोन महिने, रोज संध्याकाळी, अण्णा माझ्या पावलांचा आवाज ऐकून मान वर करत होते. आणि मी रोज त्यांच्या खुर्चीच्या बाजूने, "जेवलात का अण्णा?" असं विचारून वर जात होतो.